पद्मिनीचे पासिंग



गेल्या वर्षावासात आमच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी ग्रंथवाचन चालले होते. एका रविवारी पूज्य भन्तेजींनी मिलिंद राजा आणि भदंत नागसेन यांच्या पहिल्या भेटीचा प्रसंग सांगितला. मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवन ही नावे आपल्या घरोघरी माहीत आहेत, पण त्या दोघांमध्ये बोलणे काय झाले हे पुष्कळांना ठाऊक नसते. नागसेन राजाला विचारतात, तू रथात बसून आलास ना? मग रथ म्हणजे काय ते सांग. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम यांपैकी रथ कोणता? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी कबूल करतो की हे सगळे भाग एकत्र आले म्हणजे त्याला आपण रथ असे नाव देतो, इतकेच.

भन्तेजी थांबले न थांबले तोच मागच्या चटईवरून एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "भन्ते, हे तर आपल्या दादांच्या फियाटलाच लागू पडते!" सगळा विहार हसला. तोच पुढे म्हणाला, "धम्मवर्गात तुम्ही आम्हाला अनित्यता शिकवता, आणि स्वतः मात्र तीस वर्षांचे भंगार कवटाळून बसता. हे कसे?"

त्या वेळी आम्हाला उत्तर सुचले नाही. घरी येताना सुचले, पण तोवर सतरंजी गुंडाळून झाली होती. म्हणून या वेळचा मजकूर त्या गाडीविषयी.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. सगळे तिला फियाटच म्हणतात आणि ते चूकही नाही. इटलीच्या फियाट कंपनीची ही ११०० जातीची गाडी १९६४ पासून आपल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनू लागली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि २००० च्या सुमारास ती बनायची बंद झाली. इंजिन १०८९ सी. सी., गिअर बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगच्या बाजूला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटले की जी डोळ्यांपुढे येते, ती हीच.

आमच्या वडिलांनी आयुष्यभर ती टॅक्सी चालवली, पण दुसऱ्याची. रात्रपाळीने. मालकाचा ठरलेला आकडा आधी बाजूला काढायचा, पेट्रोलचे काढायचे, मग उरेल ते घरी. २००३ मध्ये, नव्या गाड्या आल्यामुळे फियाट मातीमोल भावात विकल्या जात होत्या तेव्हा, त्यांनी १९९४ ची एक खाजगी पद्मिनी घेतली. पांढरी. आमच्या चाळीच्या रांगेतली ती पहिली मोटार. ती घेतल्यावर दोनच दिवसांनी ते एका नातेवाइकाला सोडायला एका चांगल्या सोसायटीत गेले होते. तिथल्या एका गृहस्थाने विचारले, "कोणाची चालवतोस?" वडील म्हणाले, "माझीच." त्या गृहस्थाने हसून पुन्हा विचारले, "तसे नाही, मालक कोण?" तेव्हा वडिलांनी डॅशबोर्डाच्या खणातून आर. सी. बुक काढून त्यांच्या हातात दिले. पुढे कित्येक वर्षे ते बुक ते खणात ठेवत, घरच्या कपाटात नव्हे. २०१६ मध्ये ते गेले आणि गाडी आमच्या नावावर झाली. आम्हाला तोवर नुसती चालवता येत होती.

आता खरी गोष्ट. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाडी चाळीच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. सुरुवातीला आठवड्यातून एकदा चालू करायचो, मग बॅटरी उतरली, मग आम्ही आळस केला. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, रात्री दीडच्या सुमारास शेजारच्या आक्कांना श्वास लागला. त्यांचा मुलगा दारात आला. रुग्णवाहिका मिळत नव्हती. आम्ही किल्ली घेऊन धावलो. शेजारच्या टेम्पोची बॅटरी जोडली, स्टार्टर फिरला, पण इंजिन लागेना. टाकीतल्या वर्षभराच्या पेट्रोलला वार्निशासारखा वास येत होता. आणि पाय ब्रेकवर ठेवला तर पेडल थेट फळीला टेकले. एक रिक्षावाला देवासारखा आला म्हणावे, तर आम्ही देव मानत नाही. एक रिक्षावाला माणसासारखा आला, आणि आक्का दवाखान्यात पोहोचल्या. अकरा दिवसांनी बऱ्या होऊन घरी आल्या. पहिले वाक्य आम्हालाच : "बाळा, तुझ्या बापाची गाडी असती तर अशी वेळ आली नसती." गाडी बापाचीच होती, हे आक्कांना ठाऊक होते.

वस्तूवर प्रेम करणे आणि वस्तू सांभाळणे यातला फरक आम्हाला त्या रात्री कळला. वडील दर शनिवारी बॉनेट उघडत. आम्ही फक्त काच पुसत होतो.

जून २०२१ मध्ये आम्ही कुर्ल्याला वडिलांच्या जुन्या उस्तादांना शोधत गेलो. गॅरेज बंद झालेले, उस्ताद मुलाच्या टायरच्या दुकानात स्टुलावर बसलेले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हातात ताकद राहिली नाही. पण रविवारी सकाळी मैदानापाशी या. तिथे या गाडीचे वेडे जमतात." म्हणून आम्ही एका टेम्पोला दोर बांधून गाडी ओढत तिथे नेली. सात वाजले होते. आठ-नऊ पद्मिनी ओळीने उभ्या होत्या, काही अशा की आरशासारख्या. आणि आमची दोराला बांधलेली.

मंडळी नाना प्रकारची. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांच्या खिशात नेहमी बल्ब आणि फ्यूज असतात. एक पारशी बावाजी, ज्यांना प्रत्येक बोल्टाचे माप पाठ आहे पण हात काळे करायला आवडत नाहीत. एक तरुणी, आजोबांची गाडी चालवणारी. बँकेतले एक मोठे साहेब. ना पावती, ना वर्गणी, ना अध्यक्ष. सामाजिक कार्यात उभी हयात काढलेल्या आम्हाला अध्यक्षाशिवाय माणसे एकत्र येतात याचेच पहिले नवल वाटले.

आमच्या मागच्या काचेवर निळे अशोकचक्र आणि खाली 'जयभीम' अशी पट्टी आहे, वडिलांनी लावलेली. बँकेतल्या साहेबांनी ती वाचली. मग त्यांनी गाव विचारले, मग आडनाव. आम्ही दोन्ही सांगितली. त्यांनी "असं, असं" म्हटले आणि ते दुसऱ्या गाडीकडे गेले. वाचकांना या "असं, असं"चा अर्थ आम्ही सांगायला नको. दोर सोडून परत फिरावे असे क्षणभर वाटले. तेवढ्यात रेल्वेवाले काका म्हणाले, "आधी बॉनेट उघडा हो, ऊन चढायच्या आत." आम्ही उघडले.

ब्रेकचे काम आम्ही जरा सविस्तर सांगतो, कारण ज्या घरात जुनी गाडी, टेम्पो किंवा रिक्षा आहे त्या घराला ते उपयोगी पडेल. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. गाडी उभी राहिली की ते पाणी सिलिंडरच्या आत गंज धरते, खड्डे पडतात, आणि पुन्हा पेडल दाबले की आतले रबर त्या खड्ड्यांवर घासून फाटते. ऑइल गळते, पेडल खाली जाते. बाहेरून गाडी धुतलेली, पुसलेली, आणि आत हे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. चारही ड्रम उघडले तेव्हा मागचे दोन्ही सिलिंडर गंजलेले, एका चाकाचे लायनर ड्रमला चिकटून बसलेले. आम्ही म्हटले, नवे रबर किट घालू. काका म्हणाले, "खड्ड्यावर नवे रबर म्हणजे फाटक्या चपलेला नवा अंगठा." खड्डे बारीक असतील तर सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करता येतो. खोल असतील तर लेथवर मोठा करून आत नळी बसवतात, नाहीतर सिलिंडरच बदलावा लागतो. एक घासून निघाला. दुसऱ्याला नळी बसली. मास्टर सिलिंडर मात्र कामातून गेला होता.

आणि तो आणला कोणी? पुढच्या रविवारी बँकेतल्या साहेबांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके आमच्या बॉनेटवर ठेवले. आत न वापरलेला मास्टर सिलिंडर, जुन्या साठ्यातला. पैसे विचारले तर मूळ बिलाची रक्कम सांगितली, एक रुपया जास्त नाही. आजही ते चहा स्वतःच्या थर्मासमधलाच पितात. ते मधुमेहामुळे की आणखी कशामुळे, हे आम्हाला पाच वर्षांत कळलेले नाही आणि आम्ही विचारलेलेही नाही. गेल्या पावसाळ्यात आमचा सायलेन्सर सुटला तेव्हा हेच गृहस्थ चिखलात पाठ टेकून आमच्या गाडीखाली शिरले होते. माणसाच्या मनाचे बॉनेट असे सहज उघडत नाही.

शेवटी हवा काढण्याचे काम. ऑइलच्या नळीत हवा राहिली तर पेडल लिबलिबीत लागते, कारण हवा दबते, ऑइल दबत नाही. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकापाशी निपल सोडून बुडबुड्यांसकट ऑइल बाहेर घ्यायचे, निपल आवळायचे, मग "सोड" म्हणायचे. मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. क्रम चुकला तर पहिल्यापासून. आमची मुलगी तेव्हा सातवीत होती. ती पेडलवर बसली. "दाब. धर. सोड." तासभर तेच. शेवटी ती म्हणाली, "बाबा, आता दगडासारखे लागते." काका म्हणाले, "मग झाले."

पेट्रोलची बाजूही तितकीच बिघडली होती. टाकी उतरवून धुतली, गाळ निघाला. पंपाचा डायफ्रॅम आणि कार्बोरेटरचे किट बदलले. याच सुमारास पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले. २०२५ पर्यंत ते वीस टक्क्यांवर आले. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा फायदा होत असेल तर आमची तक्रार नाही, पण जुन्या गाडीच्या रबराला ते मानवत नाही. नळ्या आतून फुगतात, भेगाळतात, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या, आणि मंडळातल्या तरुणीने कार्बोरेटरचा जेट किंचित मोठा बसवून दिला. इथेनॉलही पाणी धरते, तेव्हा टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नये. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, त्यावर मात्र वडिलांचाच उपाय चालतो : पंपावर ओले फडके. त्यांचा तो लाल पंचा अजून डिकीत आहे.

एक सूचना टायरबद्दल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. आमचा स्टेपनी सतरा वर्षांचा निघाला.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि ती शेवटची ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली होती. वर्तमानपत्रांत लेख आले, फोटो आले. ज्यांनी ती रात्र-रात्र चालवली त्यांचे फोटो कमी, गाडीचेच जास्त. असो. त्याआधीच्या वर्षांत भंगारात गेलेल्या टॅक्सींचे सामान तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पडलेले होते. उस्ताद काठी टेकत आमच्याबरोबर आले. म्हणाले, "इंजिन घेऊ नका, गॅसवर चालून चालून थकलेले असते. काचा घ्या, ड्रम घ्या, दरवाजा घ्या." आमचा मागचा डावा दरवाजा खालून कुजला होता. एका टॅक्सीचा दरवाजा मिळाला. बाहेरून पांढरा रंग दिला, पण आतली कड आम्ही काळीच ठेवली. दरवाजा उघडला की दिसते. वडिलांनी तीस वर्षे चालवली त्यांपैकीच एखाद्या टॅक्सीचा तो असेल असे आमची आई म्हणते. तसे काही समजायला मार्ग नाही, पण आम्ही तिला तसे सांगत नाही.

जून २०२४ मध्ये तिसावे वर्ष भरले आणि पासिंग आले. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. २०१९ मध्ये त्याची फी सहाशे रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. पर्यावरण कर वेगळा. (ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींची फी दहा हजार केली आहे, २०२९ चा विचार आम्ही आताच करत नाही.) कचेरीबाहेर एकजण भेटला. म्हणाला, अमुक द्या, गाडी आणायचीही गरज नाही. चारही ड्रम उघडून, तासभर मुलीला पेडलवर बसवून, मग गाडी न दाखवता पास करून घ्यायची? आम्ही रांगेत उभे राहिलो.

सोबत रेल्वेवाले काका आले होते. नंबर लागायच्या दहा मिनिटे आधी उजवीकडचा मागचा इंडिकेटर गेला. काकांनी खिशातून बल्ब काढला. निरीक्षकांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवून घेतला, गाडी पळवून ब्रेक दाबायला लावला. गाडी सरळ रेषेत जागच्या जागी थांबली. एकही चाक ओढले नाही. मग त्यांनी बॉनेट उघडून चेसिस नंबर शोधला, त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिल घासून ठसा घेतला. आर. सी. वरच्या आकड्यांशी ताडून पाहिला. "हीच गाडी," असे म्हणून सही केली.

म्हणजे दरवाजा टॅक्सीचा, मास्टर सिलिंडर बँकेतल्या साहेबांचा, ड्रम भंगारातले, बल्ब काकांच्या खिशातला, पंचा वडिलांचा. पण सरकारी उत्तर पक्के आहे : रथ म्हणजे चेसिस नंबर. मिलिंद राजाला हे ठाऊक असते तर भदंत नागसेनांना जरा जड गेले असते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने हिशोब ठेवला आहे. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढला की वस्तूची किंमत दरवर्षी कमी होते, पण शून्य कधीच होत नाही. आमची गाडी त्या पद्धतीवर जगते. २०२१ पासून दुरुस्तीवर गेलेला पैसा वजा जाता दुसरी एखादी लहान मोटार घेता आली असती, हे कबूल. सहचारिणीने ते तोंडी हिशोबाने आमच्या आधीच काढले होते. म्हणून वाचकांपैकी कोणी हौसेने जुनी गाडी घ्यायला निघाला असेल तर आमचा सल्ला, घेऊ नका. तिला एअरबॅग नसतात, पुढच्या सीटला पट्टे असले तरी आजच्या गाड्यांची सुरक्षा नाही, धूरही नव्या गाडीपेक्षा जास्त. आम्ही ती हायवेवर नेत नाही. धूर तपासणी सहा महिन्यांनी, तारीख चुकवता. पण घरात आधीच असेल तर मात्र तिला आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा. जागच्या जागी चालू करून बंद करणे म्हणजे फिरवणे नव्हे; आमचे ते करूनच नुकसान झाले. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. ते स्वस्त असते.

मागच्या चटईवरच्या त्या कार्यकर्त्याला एवढेच सांगतो : अनित्यता आम्ही ड्रम उघडल्यावर पाहिली आहे, अगदी हाताला गंज लागेपर्यंत. गाडी एक दिवस जाणार. पण रात्री दीड वाजता कोणी दार वाजवले तर ती लागली पाहिजे. २०२२ पासून अशी सात वेळा वाजवली आहेत. सातही वेळा लागली. एकदा बाळंतपण होते, आणि त्या बाळाचा बाप म्हणजे हाच कार्यकर्ता. ही गोष्ट त्याने विहारात सांगितली नाही, म्हणून आम्ही इथे सांगून टाकली.

या रविवारी सकाळी रेल्वेवाल्या काकांच्या गाडीचे मागचे ब्रेक उघडायचे आहेत. त्यांचे गुडघे आता खाली बसू देत नाहीत, तेव्हा निपल आम्ही सोडणार आणि पेडलवर मुलगी बसणार. आमच्याकडचा नळी बसवलेला जादा सिलिंडर पिशवीत काढून ठेवला आहे. काल जिन्यात आक्कांनी अडवले.

"रविवारी गाडी घेऊन चाललास म्हणे. मग संध्याकाळी मला विहारात कोण नेणार?"

"आम्हीच. पाचला तयार राहा."

"आणि लागेल ना?"

"लागेल, आक्का."